फॅमिकॉम वीस वर्षं टिकला तो कशाच्या जोरावर?

पिक्सेलवेडा (धागाकर्ता)

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा घरगुती व्हिडिओ गेमचा कन्सोल जपानमध्ये १५ जुलै १९८३ला बाजारात आला आणि त्याचं उत्पादन थांबलं ते सप्टेंबर २००३मध्ये. मधल्या काळात याच कंपनीचे पुढचे तीन घरगुती कन्सोल येऊन गेले, तरी पहिल्याचा कारखाना चालूच होता. अमेरिकेत तो एनईएस या नावाने गेला. दोन्ही मिळून जगभरात ६ कोटी १९ लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली.

या यशाबद्दल वाचायला बसलं की बहुतेक ठिकाणी सुपर मारिओ ब्रदर्स या खेळाचं, म्हणजे मारिओचं नाव पुढे येतं. मारिओ महत्त्वाचा आहेच. पण तो आला सप्टेंबर १९८५मध्ये, आणि १९८४ संपेपर्यंत फॅमिकॉम जपानमध्ये सगळ्यांच्या पुढे निघून गेला होता. म्हणून मला वाटतं, की याचं मूळ यंत्राच्या रचनेत शोधायला हवं. त्यातही कार्ट्रिजच्या, म्हणजे खेळ साठवलेल्या सुट्या डबीच्या, खाचेत.

थोडं मागे जाऊ. क्योतोमध्ये १८८९ साली हानाफुदा पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली ही कंपनी. १९८१मध्ये अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा यांना काम दिलं: आर्केडमधले (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचे) खेळ घरच्या टीव्हीवर चालतील, कार्ट्रिज बदलता येतील, आणि किंमत इतकी कमी असेल की दुसऱ्या कोणाला गाठता येणार नाही, असं यंत्र बनवा. उएमुरा मूळचे शार्पमधले, सौरघट विकणारे अभियंते. त्यांच्यापुढे नमुना होता निन्टेंडोच्याच डाँकी काँग या आर्केडमधल्या खेळाचा. तो खेळ नीट चालला पाहिजे, ही कसोटी.

चिप बनवायला त्यांनी रिको कंपनी गाठली. रिकोच्या कारखान्यात बरीच क्षमता रिकामी पडून होती, पण निन्टेंडो मागत होती तो भाव परवडणारा नव्हता. तेव्हा यामाउचींनी तीस लाख चिप घेण्याची हमी दिली. घरगुती कन्सोल तीस लाख खपतील असं तेव्हा जपानमध्ये कोणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण त्या हमीमुळे भाव खाली आला आणि यंत्र १४,८०० येनला विकता आलं.

आता आत काय होतं ते बघा. ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ. कामाची रॅम २ किलोबाइट. चित्रांच्या चिपची स्वतःची रॅम आणखी २ किलोबाइट. एवढंच. पण कार्ट्रिजच्या ६० पिनांमध्ये दोन स्वतंत्र रस्ते होते. एका रस्त्याने प्रोसेसर खेळाचा प्रोग्रॅम वाचायचा, दुसऱ्या रस्त्याने चित्रांची चिप थेट कार्ट्रिजमधून चित्रांचे तुकडे उचलायची. चित्रं आधी रॅममध्ये भरायची गरजच नाही.

याचा अर्थ असा, की कार्ट्रिजमध्ये जे काही बसवाल ते त्या क्षणी यंत्राचा भाग होतं. जास्त रॉम (खेळ कायमचा साठवणारी चिप) बसवा, रॅम बसवा, बॅटरी बसवा, गणना करणारी चिप बसवा. टीव्हीखालचं यंत्र तेच राहतं. पहिल्या दिवशी आलेला डाँकी काँग २४ किलोबाइटचा होता. १९९३मध्ये आलेला कर्बीचा खेळ ७६८ किलोबाइटचा. दहा वर्षांचं अंतर, बत्तीसपट आकार, आणि दोन्ही एकाच खाचेत बसतात.

त्याच दिवशी, म्हणजे १५ जुलै १९८३लाच, सेगाचा एसजी-१००० पण आला होता, १५,००० येनला. त्याचं नाव आज फक्त जाणकारांना माहीत आहे.

तुमचं मत काय? जाणकारांनी भर घालावी.

टाइलकार

छान धागा. कार्ट्रिजच्या दोन रस्त्यांबद्दल सहमत. पण कार्ट्रिज वाढायच्या आधीही लोकांनी त्या तुटपुंज्या यंत्रातून काय काढलं हे बघण्यासारखं आहे, म्हणून सुपर मारिओ ब्रदर्सचंच उदाहरण देतो.

जादाची चिप न लावता कार्ट्रिजमध्ये मावतं ते जास्तीत जास्त ४० किलोबाइट: ३२ प्रोग्रॅमला, ८ चित्रांना. मारिओ बरोबर तेवढाच आहे. बत्तीस पातळ्या, पाण्याखालचे भाग, किल्ले, संगीत, सगळं त्यात. चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जुळवायचं असतं, त्यामुळे एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वापरतात. वरचे ढग आणि खालची झुडपं नीट बघा. आकार तोच आहे, फक्त रंगांचा संच बदललाय.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पडद्याच्या वर गुण, नाणी, वेळ दाखवणारी पट्टी असते ती जागची हलत नाही, आणि खालचं जग मात्र सरकत राहतं. यंत्राला हे असं अर्धं-अर्धं सरकवणं येत नाही. पडदा सरकला तर सगळाच सरकणार. मग केलंय काय, तर पट्टीतल्या नाण्याच्या चित्राच्या बुडाशी पहिल्या क्रमांकाचा स्प्राइट (पार्श्वभूमीपासून स्वतंत्र हलवता येणारं छोटं चित्र) ठेवलाय. टीव्हीचा किरण वरून खाली रेघा काढत येतो. तो त्या स्प्राइटच्या भरीव ठिपक्यापाशी पोहोचला की चित्रांची चिप एक खूण वर करते. प्रोग्रॅम त्या खुणेकडे डोळे लावून बसलेला असतो. खूण दिसली रे दिसली की तो सरकण्याचा आकडा बदलतो, आणि त्याच्या खालचं जग सरकलेलं दिसतं. सेकंदाला साठ वेळा हे चालतं, आणि खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही.

पुढे १९८८मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स ३ आला तेव्हा हेच काम कार्ट्रिजमधली एमएमसी३ चिप करू लागली. ती रेघा मोजते आणि वेळ झाली की प्रोसेसरला हाक मारते. म्हणजे धागाकर्त्याचा मुद्दा इथेही लागू होतो: आधी प्रोग्रॅमरने कसरत केली, मग ती कसरत कार्ट्रिजने अंगावर घेतली.

रिकामटेकडी

ढग आणि झुडपं! इतकी वर्षं खेळतेय, कधी लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

कायदेपंडित

रचनेचं कौतुक मान्य आहे, पण धाग्याचा मूळ प्रश्न टिकण्याचा आहे, आणि तिथे मला करार आणि कुलूप जास्त महत्त्वाचं वाटतं. निदान अमेरिकेपुरतं तरी.

१९८३मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा साफ बसला. वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वर असलेली उलाढाल दोन वर्षांत शंभर दशलक्षांच्या आसपास आली असं सांगितलं जातं. कारणं अनेक होती, पण एक ठळक होतं: अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कार्ट्रिज बनवू शकत होतं. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी १९७९मध्ये ॲक्टिव्हिजन काढली, ती दर्जेदार होती. पण तिच्यामागून जो लोंढा आला त्यात कसलाही धरबंद नव्हता. दुकानदारांकडे न खपलेला माल साचला, तो मातीमोल भावाने काढला गेला, आणि चांगले खेळही त्यात बुडाले. अटारीने तर न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत माल पुरला. २०१४मध्ये तिथे खोदकाम करून कार्ट्रिज बाहेर काढली तेव्हा ती गोष्ट दंतकथा नव्हती हे सिद्ध झालं.

निन्टेंडोने यातून धडा घेतला. अमेरिकेतल्या एनईएसमध्ये १०एनईएस नावाची कुलूपचिप बसवली. तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये नसेल तर खेळ चालणार नाही. आणि जोडीदार चिप फक्त निन्टेंडोकडेच. मग करार असा: वर्षाला पाचच खेळ काढायचे, तो खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर आणायचा नाही, कार्ट्रिज निन्टेंडोच बनवून देणार, आणि मालाचे पैसे आधी भरायचे. खप झाला नाही तर नुकसान तुमचं.

कोनामीने पाचाची मर्यादा ओलांडायला अल्ट्रा गेम्स नावाची वेगळी कंपनी उभी केली. टेंगेन, म्हणजे अटारी गेम्सची शाखा, तिने वेगळाच मार्ग धरला. आधी रीतसर परवाना घेतला, मग कुलूप फोडून विनापरवाना कार्ट्रिज काढली. कुलूप फोडलं कसं? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात निन्टेंडोने कुलूपचिपचा प्रोग्रॅम जमा केला होता. आपल्यावर खटला चालू आहे, बचावासाठी प्रत हवी आहे, असं खोटं सांगून अटारी गेम्सच्या वकिलांनी ती मिळवली. खटला तेव्हा दाखलच झालेला नव्हता. १९९२मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने या कारणावरून अटारी गेम्सच्या विरुद्ध कौल दिला. पण त्याच निकालात असंही म्हटलं, की एखादी चिप हाती आली असताना तिची रचना समजून घेण्यासाठी उलगडा करणं हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. सॉफ्टवेअर कायद्यात हा निकाल आजही वाचला जातो.

निन्टेंडो यात सर्वस्वी स्वच्छ होती असं माझं म्हणणं नाही. दुकानदारांनी किंमत कमी करू नये म्हणून दबाव आणल्याच्या आरोपावरून १९९१मध्ये तिला तडजोड करावी लागली, आणि ग्राहकांना पाच-पाच डॉलरची कुपनं वाटावी लागली. तरीही ते कुलूप नसतं तर अमेरिकेत १९८३ पुन्हा घडलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

वाचनमात्र

एक प्रश्न. जपानी फॅमिकॉम लाल-पांढरा, खेळण्यासारखा दिसतो. अमेरिकन एनईएस करडी पेटी. आत यंत्र तेच असेल तर बाहेरून एवढा फरक कशाला केला?

रात्रपाळी

@वाचनमात्र, दुकानदारांसाठी.

वर कायदेपंडितांनी सांगितलेल्या पडझडीनंतर अमेरिकेतले दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की दार लावून घ्यायचे. खरं तर १९८३मध्ये निन्टेंडोला फॅमिकॉम अमेरिकेत स्वतः विकायचाच नव्हता. वितरणासाठी अटारीशी बोलणी चालली होती. ती फिसकटली, आणि मग निन्टेंडो ऑफ अमेरिकाचे मिनोरू आराकावा यांच्यावर सगळी भिस्त आली.

१९८५च्या सुरुवातीला लास वेगासच्या प्रदर्शनात त्यांनी एव्हीएस नावाचा नमुना मांडला. कीबोर्ड, कॅसेट रेकॉर्डर, बिनतारी कंट्रोलर, असा घरगुती संगणकाचा थाट. कोणी ऑर्डर दिली नाही. मग डिझायनर लान्स बार यांनी रूप पुन्हा पालटलं. कीबोर्ड गेला, आणि कार्ट्रिज पुढून दार उघडून आत सरकवायची व्यवस्था आली. तेव्हा घरोघरी व्हीसीआर येत होते. हे यंत्र त्यांच्या शेजारी शोभावं, जुन्या कन्सोलची आठवणही होऊ नये, हा हेतू.

दुसरी युक्ती म्हणजे रॉब हा छोटा यंत्रमानव. टीव्हीचा पडदा विशिष्ट पद्धतीने लुकलुकला की त्याच्या डोळ्यातला संवेदक ती आज्ञा वाचतो आणि हात हलवतो. त्याच्यासाठी खेळ निघाले फक्त दोन. पण त्याच्यामुळे हा संच खेळण्यांच्या विभागात ठेवता आला. माल आत शिरण्यापुरतं त्याचं काम होतं, आणि ते त्याने चोख केलं.

ऑक्टोबर १९८५मध्ये न्यूयॉर्कपासून सुरुवात झाली. आराकावांच्या माणसांनी जवळच न्यू जर्सीत हॅकेनसॅकच्या एका गोदामात मुक्काम टाकला. दुकानांत मांडणीसुद्धा तेच करायचे. दुकानदारांना शब्द दिला, की ठरावीक मुदतीपर्यंत पैसे देऊ नका, उरलेला माल आम्ही परत नेऊ. कुलूपचिप, करार वगैरे नंतरच्या गोष्टी झाल्या. आधी कोणीतरी दारोदार फिरून फळीवर जागा मिळवली, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते टिकण्याचं पहिलं श्रेय या फिरणाऱ्या माणसांचं आहे. त्यांची नावं कुठल्या खेळाच्या श्रेयनामावलीत येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

सोल्डरिंग

मी जुने कन्सोल उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा वेगळा. रात्रपाळींनी ज्या पुढच्या दाराचं वर्णन केलंय, तेच एनईएसचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

फॅमिकॉममध्ये कार्ट्रिज वरून सरळ खाली बसतं. साधी, मजबूत जोडणी. एनईएसमध्ये ते आडवं आत सरकवायचं आणि मग खाली दाबायचं. खाली दाबल्यावर ७२ पिनांची पट्टी कार्ट्रिजच्या कडेला वरून-खालून धरते. नव्या यंत्रात हे छान चालतं. वर्षानुवर्षं वापरून त्या पिना वाकतात, पकड ढिली पडते, धूळ बसते.

आता इथे कुलूपचिप येते. यंत्रातली चिप आणि कार्ट्रिजमधली चिप एकाच तालात तोच हिशेब करत असतात आणि एकमेकींचं उत्तर पडताळतात. चारच पिनांवर हा संवाद चालतो. त्यांतली एक जरी नीट टेकली नाही तर यंत्रातली चिप कार्ट्रिज बोगस समजते आणि सेकंदाला एकदा सगळं रीसेट करत राहते. पुढचा लाल दिवा उघडझाप करतो तो यामुळे. खेळ बिघडलेला नसतो, प्रोसेसरही ठणठणीत असतो, फक्त कुलूप अडून बसलेलं असतं.

मग लोक कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचे. जगभर ही सवय होती, आणि खुद्द निन्टेंडो सांगायची की फुंकू नका. तोंडातली वाफ तांब्यावर बसते आणि कालांतराने ते काळं पडतं. फुंकल्यावर खेळ चालायचा तो बहुतेक वेळा काढून पुन्हा बसवल्यामुळे. योग्य उपाय म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी. कार्ट्रिजची कड दोन्ही बाजूंनी पुसायची, काडीवर काळं यायचं थांबेपर्यंत. मग यंत्र उघडून पिनांची पट्टीही साफ करायची. बरेच दुरुस्तीवाले कुलूपचिपची चौथी पिन उचलून तिला गप्पच करून टाकतात. त्यानंतर दिवा लुकलुकत नाही.

१९९३मध्ये निन्टेंडोने वरून कार्ट्रिज बसणारा छोटा एनईएस काढला, आणि त्यात कुलूपचिपच नव्हती. म्हणजे शेवटी तेही जपानी रचनेकडेच परतले.

अवांतर: बॅटरीवाल्या कार्ट्रिजांवर खेळ जतन करून बंद करताना रीसेट दाबून धरा अशी सूचना येते. कारण वीज जाताना व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि त्या क्षणी भरकटलेला प्रोसेसर बॅटरीच्या रॅममध्ये काहीबाही लिहू शकतो. रीसेट दाबलेलं असेल तर प्रोसेसर थांबलेला असतो. ही सूचना आजही पाळा.

टाइलकार

@सोल्डरिंग, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

सूरपेटी

मला संगीताच्या बाजूने लिहायचंय, आणि यात पिक्सेलवेडा आणि कायदेपंडित यांचे मुद्दे एकमेकांवर आदळतात.

फॅमिकॉमच्या प्रोसेसरमध्येच आवाजाची यंत्रणा आहे. पाच वाहिन्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची, एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी. संगीत आणि खेळातले आवाज यांना याच पाचांत भागवायचं. मारिओ उडी मारतो तेव्हा एक चौकोनी वाहिनी उडीसाठी घेतली जाते आणि त्या क्षणापुरता गाण्यातला एक स्वर गळतो. संगीतकार कोजी कोंदो यांनी धून अशी बांधलीय की ते जाणवतच नाही. ज्याने हे हातातल्या साधनांवर केलं त्याच्यापुढे नतमस्तक व्हायला होतं.

आता जपानी कार्ट्रिजच्या पिनांत एक सोय होती जिच्याबद्दल वर कोणी लिहिलं नाही. यंत्राचा आवाज कार्ट्रिजमध्ये जातो आणि तिथून टीव्हीकडे परत येतो. वाटेत कार्ट्रिज त्यात स्वतःचा आवाज मिसळू शकतं. जपानमध्ये नामको, कोनामी यांसारख्या कंपन्या आपली कार्ट्रिज स्वतः बनवत आणि त्यांत स्वतःच्या चिप घालत. कोनामीने १९८९च्या शेवटी कॅसलव्हेनिया मालिकेतला तिसरा खेळ काढला, त्यात व्हीआरसी६ नावाची चिप होती. ती आणखी तीन वाहिन्या देते, त्यातली एक करवती लहरीची. पहिल्याच टप्प्याचं संगीत ऐका. त्या करवती लहरीमुळे तारवाद्यांचा ताफा उभा राहिल्यासारखा भरदार आवाज येतो.

तोच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा कार्ट्रिज निन्टेंडो बनवणार, म्हणून चिपही निन्टेंडोची. व्हीआरसी६ बाद. शिवाय एनईएसच्या कार्ट्रिजच्या खाचेतून आवाजाच्या त्या पिना काढून यंत्राच्या बुडाच्या जोडणीकडे नेल्या होत्या, आणि त्या जोडणीसाठी कंपनीने कधी काही बाजारात आणलंच नाही. परिणाम असा की सगळं संगीत मूळच्या पाच वाहिन्यांसाठी पुन्हा बसवावं लागलं. बसवणाऱ्यांनी जीव ओतलाय, तरी दोन्ही शेजारी ऐकल्यावर काय गमावलं ते कळतं.

@कायदेपंडित, कुलूपामुळे बाजार वाचला असेल. पण कार्ट्रिज हा यंत्राचा भाग होण्याची जी मोकळीक जपानमध्ये होती, ती त्याच कुलूपाने अमेरिकेत अर्धी केली.

कायदेपंडित

@सूरपेटी, हा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझा प्रश्न पिक्सेलवेडांना: कार्ट्रिज एवढं थोर होतं तर निन्टेंडोनेच १९८६मध्ये डिस्क का आणली?

पिक्सेलवेडा (धागाकर्ता)

हा प्रश्न येणार होताच, आणि बरं झालं आला.

फॅमिकॉम डिस्क सिस्टिम २१ फेब्रुवारी १९८६ला आली, झेल्डाच्या पहिल्या खेळासोबत. यंत्राची किंमत १५,००० येन, म्हणजे खुद्द फॅमिकॉमहून जास्त. त्या वेळी रॉम महाग होती. ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजच्या तुलनेत डिस्कच्या दोन बाजू मिळून ११२ किलोबाइट मिळत होते, आणि खेळ जतन करता येत होता. दुकानांत डिस्क लिहिणारी यंत्रं ठेवली होती. जुना खेळ कंटाळवाणा झाला की ५०० येनमध्ये त्याच डिस्कवर नवा लिहून घ्यायचा. कल्पना म्हणून मला ही आजही फार सुंदर वाटते.

पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅपकॉमचा माकाइमुरा १२८ किलोबाइटच्या कार्ट्रिजवर आला. चार महिन्यांत डिस्क मागे पडली. पाठोपाठ बँक बदलणाऱ्या चिप आल्या: प्रोसेसरला एका वेळी दिसणारी खिडकी तेवढीच, पण तिच्यामागचं पान बदलत राहायचं. जतन करायला बॅटरी आली. झेल्डा १९८७मध्ये अमेरिकेत गेला तो डिस्कवर नाहीच, सोनेरी कार्ट्रिजमध्ये बॅटरी घालून. डिस्कचे रबरी पट्टे मात्र सैल पडत राहिले. दुकानदारांनाही पुनर्लेखनात फारसं उत्पन्न नव्हतं.

म्हणजे निन्टेंडोला स्वतःलाही कार्ट्रिजच्या खाचेची पूर्ण ताकद कळली नव्हती. ती बाहेरच्या कंपन्यांनी दाखवून दिली. त्यामुळे रचना हेच कारण, या माझ्या म्हणण्याला आता जोड द्यायला हवी. खाच मोकळी होती, आणि त्या मोकळ्या खाचेत काहीतरी घालणारी माणसं जपानमध्ये होती. हडसन आणि नामको १९८४पासून, मग एनिक्सचा ड्रॅगन क्वेस्ट १९८६मध्ये, स्क्वेअरचा फायनल फँटसी १९८७मध्ये.

आणि झेल्डाचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले असतात आणि दुसऱ्यात एक मायक्रोफोन असतो. झेल्डात मोठ्या कानांचा पोल्स व्हॉइस नावाचा शत्रू आहे. जपानी मूळ खेळात मायक्रोफोनमध्ये ओरडलं की तो मरतो. एनईएसच्या कंट्रोलरला मायक्रोफोन नाही, पण अमेरिकन माहितीपुस्तिकेत त्याला मोठा आवाज सहन होत नाही ही ओळ तशीच राहिली. मुलांनी खेळातली बासरी वाजवून बघितली, काही व्हायचं नाही. खरा उपाय होता बाण.

रिकामटेकडी

बासरी मीपण वाजवली होती! कारण आज कळलं.

कंट्रोलरबद्दल कोणीतरी लिहा ना. अधिक चिन्हासारखं ते बटण कुठून आलं?

टाइलकार

@रिकामटेकडी, ते निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांचं. १९८२मध्ये डाँकी काँगचा हातात धरायचा गेम अँड वॉच आला, त्यात ते पहिल्यांदा होतं. फॅमिकॉमसाठी आधी आर्केडसारखी उभी दांडी लावायचा विचार होता. पण कंट्रोलर जमिनीवर पडलेला असताना मुलांचा पाय पडला तर दांडी मोडेल, शिवाय लागेलही. मग गेम अँड वॉचमधलं बटण तारांनी जोडून बघितलं आणि ते हाताला लगेच बसलं. डाव्या अंगठ्याला दिशा आणि उजव्याला क्रिया, ही मांडणी आजच्या जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर आहे.

सुरुवातीच्या फॅमिकॉमची दुसरी बटणं चौकोनी, रबरी होती. ती कोपऱ्यात अडकून बसायची, म्हणून पुढे गोल प्लास्टिकची केली. याच सुरुवातीच्या यंत्रांत चिपमध्येही दोष निघाला होता. काही खेळ मध्येच गोठायचे. यामाउचींनी विकलेली यंत्रं परत मागवून सदोष मदरबोर्ड बदलून द्यायला लावले. एखाद्या नव्या कंपनीला त्या खर्चाने धडकी भरली असती. पण यंत्रावरचा विश्वास तिथेच बसला असं मला वाटतं.

वाचनमात्र

आणि जिथे निन्टेंडो गेलीच नाही तिथे?

रात्रपाळी

तिथे नकला गेल्या. रशियात स्टीपलर कंपनीने १९९२च्या अखेरीस डेंडी नावाने तैवानमध्ये बनलेली फॅमिकॉमची नक्कल विकायला सुरुवात केली. हत्तीचं चित्र, टीव्हीवर जाहिराती, सगळं रीतसर. तिथे या यंत्राला लोक डेंडी म्हणूनच ओळखतात. पुढे सगळं यंत्र एकाच चिपवर मावू लागलं आणि नकला आणखी स्वस्त झाल्या. ६ कोटी १९ लाखांच्या आकड्यात यांतलं एकही यंत्र मोजलेलं नाही.

सोल्डरिंग

नकलांना जपानी फॅमिकॉमचीच ६० पिनांची खाच असते, कुलूप नसलेली. नक्कल करायला तेच सोपं होतं.

पिक्सेलवेडा (धागाकर्ता)

@सोल्डरिंग, म्हणजे तीच खाच तिसऱ्यांदा कामाला आली.

२००३मध्ये उत्पादन थांबवताना निन्टेंडोने कारण दिलं ते सुटे भाग मिळत नसल्याचं. डिस्क पुन्हा लिहून देण्याची सेवाही त्याच वर्षी बंद झाली. दुरुस्ती ऑक्टोबर २००७पर्यंत चालू होती. उएमुरा निवृत्तीनंतर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते. डिसेंबर २०२१मध्ये ते गेले.

रात्रपाळींचा दारोदार फिरण्याचा मुद्दा आणि सूरपेटींचा आवाजाच्या पिनांचा मुद्दा, दोन्ही मूळ लेखात घालतो. बँक बदलणाऱ्या चिपांवर टाइलकारांनी स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती. एमएमसी१ पासून एमएमसी५ पर्यंत प्रत्येकीने कुठल्या खेळाला काय दिलं, हे एकत्र मराठीत कुठे नाही.

टाइलकार

काढतो. व्हीआरसी६ आणि बाकीच्या कोनामी चिपांचा भाग सूरपेटींनी लिहावा, आवाजाचे नमुने त्यांच्याकडे आहेत.

सूरपेटी

चालेल. आधी करवती लहरीवर लिहिते.